पान उलटणारी

आणि वर मलाच विचारतात, वाजवता वाजवता तुझा हात मध्येच हवेत का जातो म्हणून. आता काय सांगायचं? तुम्हाला म्हणून सांगते, म्हणजे तुम्ही ओळखीचे नाही म्हणून सांगते, कारण ओळखीच्या माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आई तर सगळ्यांना सांगत असते, "ही पोटात होती ना, तेव्हासुद्धा लाथ मारायची नाही, हळूच टकटक करायची, आत आहे म्हणून"... तर ते राहू दे. हात. माझा उजवा हात. वाद्यवृंद रंगात आलेला असतो, सर डोळे मिटून हात हलवत असतात, सगळ्यांचे बो, म्हणजे व्हायोलिनचे गज, एकदम खाली एकदम वर चाललेले असतात, आणि मागच्या रांगेत मी एकटी माझा बो मांडीवर ठेवते, हात लांब करते, हवेतलं काहीतरी चिमटीत धरते आणि डावीकडे टाकून देते. काहीतरी म्हणजे काही नाहीच. पूर्वी तिथे पान असायचं. आता टॅब आहे. पायाने बटण दाबलं की पान सरकतं. सोयीचं आहे म्हणे.

तुम्ही कधी वाद्यवृंद बघितला असेल तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल, कारण ती कुणाच्या लक्षात येऊ नये अशीच करायची असते. व्हायोलिनवाले जोडीजोडीने बसतात. दोघींत एक स्टँड, स्टँडवर एकच कागद. आता दोघीही वाजवतायत आणि पान संपलं, तर उलटायचं कुणी? दोघी थांबल्या तर सूरच गायब, दोघी वाजवत राहिल्या तर पुढचं काय वाजवणार, कपाळ? म्हणून पद्धत अशी की प्रेक्षकांच्या बाजूला बसते ती वाजवत राहते, आणि आतल्या बाजूला बसते ती थांबते, पान उलटते आणि पुन्हा गुपचूप सुरात शिरते. ती आतली म्हणजे मी. दुसरं व्हायोलिन, म्हणजे पहिल्याला साथ देणारा गट, शेवटची रांग, आतली बाजू. याच्याहून आत गेलं की भिंत लागते.

आणि पान उलटणं हे काय खायचं काम वाटलं का तुम्हाला? लवकर उलटलं तर शेजारणीच्या तोंडचा घास काढल्यासारखं, उशिरा उलटलं तर ती बिचारी काठावर उभी. आवाज करायचा नाही, दोन पानं एकदम यायला नकोत, पंख्याच्या वाऱ्याने परत उडायला नको. माझी शेजारीण... मी तिला मनात शेजारीणच म्हणते, नावाने हाक मारायची वेळच कधी आली नाही... तर शेजारीण अर्धी ओळ पुढे वाचते. म्हणजे हात इथे वाजवतायत आणि डोळे अर्धी ओळ पुढे गेलेले. सर्दी झाली असली की तेवढं पुढे नाही वाचत. परीक्षा जवळ आली की त्याहूनही पुढे वाचते, घाई झाल्यासारखी. हे तिच्या आईला तरी माहीत असेल का? मला माहीत आहे. मी तिच्या डोळ्यांकडे बघूनच तर उलटायची. आणि अगदी वेळ आली की ती व्हायोलिनसकट मान जराशी खाली करायची. व्हायोलिनचं टोक एवढंसं खाली जायचं, की उलट. मी उलटायची. बस.

सातवीपासून आम्ही शेजारी. आमच्यात बोलणं किती झालं असेल सांगा? "जरा सरक ना." "राळ आहे का?" ती बोवर घासायची राळ, मी नेहमी आणते, ती नेहमी विसरते. "हं." संपलं. ती एका शाळेतली, मी दुसऱ्या शाळेतली, हॉल खाली लाँड्री असलेल्या इमारतीत, आठवड्यातून दोन संध्याकाळी यायचं, गरम इस्त्रीच्या वासात वाजवायचं आणि जिना उतरून जायचं. पण आमचा कागद होता ना. कागदाच्या कडेला आम्ही पेन्सिलीने लिहायचो. खरं तर सगळेच वाजवणारे लिहितात, इथे हळू, इथे श्वास, आणि जिथे हमखास चुकायला होतं तिथे चष्मा काढतात, छोटासा, की बाबा इथे डोळे उघडे ठेव. आमच्या कागदावर चष्मे मी काढायची. मला गोल काढता येत नाही, एक काच नेहमी मोठी व्हायची. मग एकदा शेजारणीने त्या मोठ्या काचेत एक बारीक डोळा काढला. पुढच्या वेळी मी त्याला पापण्या काढल्या. मग तिने कोपऱ्यात लिहिलं, "भूक." मी लिहिलं, "मलाही." तुम्हाला हे काही वाटणार नाही. पण मी घरी जाताना पूर्ण रस्ताभर हसत होते. दादा म्हणाला, "कोण भेटलं?" मी म्हटलं, कुणी नाही. खरंच तर होतं, भेटलं कुठे होतं कुणी?

बरं. तर झालं काय, सरांचं जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं. सर सगळी गाणी कॉम्प्युटरवर लिहायचे, मग छापायचे, मग दोघांत एक असं वाटायचे. ते सॉफ्टवेअर जिने काढलं त्या कंपनीने एक दिवस हात वर केले, की आता आम्ही हे चालवत नाही, तुम्ही तुमचं बघा. सर त्या दिवशी सुतकी चेहऱ्याने आले. "अरे, लग्नाच्या आधीपासूनची गाणी आहेत माझी त्याच्यात," म्हणाले. "बायकोला माहीत नाहीत एवढे माझे खाचखळगे त्या सॉफ्टवेअरला माहीत होते." आता नवीन आणायचं तर कुणाला विचारायचं? तर सरांचे मेहुणे. सरांचे मेहुणे, पण आम्ही सगळेच त्यांना मेहुणे म्हणतो, ट्रम्पेटवाले काकासुद्धा, आणि काकांचं वय मेहुण्यांच्या वडिलांएवढं आहे. मेहुणे आले ते हातात खोकं घेऊनच आले. खोक्यात टॅब. कुठल्याशा ऑफिसातले जुने टॅब, प्रत्येकाला एक. "आता कागद बंद," मेहुणे म्हणाले. मेहुणे बोलताना प्रत्येक वाक्यानंतर टाळी वाजवतात, म्हणजे दुकानदार कसा माल दाखवून झाला की हात झटकतो तशी. "प्रत्येकाला आपापला टॅब, टाळी, आपापला स्टँड, टाळी, पायाशी बटण, दाबलं की पान पुढे. कुणावर अवलंबून राहायला नको." आणि माझ्याकडे बघून हसून म्हणाले, "बघा, आता या ताईंनाही पूर्णवेळ वाजवता येईल. सोयीचं आहे."

सोयीचं आहे म्हणे.

मग स्टँड वेगळे झाले. दोन स्टँडना जागा जास्त लागते म्हणून खुर्च्या लांब केल्या. आमच्या दोघींच्या मध्ये आता एक सॅक मावते. खोटं नाही सांगत, तिथे शेजारणीची सॅकच असते. सातवीपासून मी जिच्या कोपराचा धक्का चुकवत वाजवत आले, तिचं कोपर आता इतकं लांब की चुकवायचीही गरज नाही. आणि कडेचं लिहिलेलं? भूक, पापण्या, चष्मे? ते कागदावर होतं. कागद सरांनी गठ्ठा बांधून कपाटावर टाकले. टॅबमध्ये सगळं कसं स्वच्छ. इतकं स्वच्छ की बसायला संकोच वाटावा, एखाद्याच्या घरी नुकतीच फरशी पुसलेली असते ना, तसं.

पहिल्या तालमीला तर मजाच झाली. नव्या सॉफ्टवेअरने जुनी गाणी उघडताना कुठलं काय कुठे नेलं कोण जाणे, बासरीची एक अख्खी ओळ ट्रम्पेटमध्ये गेली आणि काकांनी ती निमूट वाजवली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सरांनी थांबवलं, "काका, हे काय?" काका घाम पुसत म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही काहीतरी प्रयोग करताय." सगळे हसले. मीही हसले आणि सवयीने डावीकडे बघितलं, की तीही हसतेय का. तर मध्ये सॅक. तिच्या पलीकडे ती, टॅबवर बोट फिरवत.

आणि मग ते झालं. संथ गाणं होतं, आमच्या कार्यक्रमात शेवटी ठेवतात ते. छान चाललं होतं. आणि पूर्वी जिथे पान संपायचं तिथे आलो आणि माझा बो मांडीवर, हात लांब, चिमूट, टाक. हवेत. समोरच्या टॅबवर सूर पुढे चाललेत आणि मी त्यांच्याकडे बघतेय. तेवढ्यात मला कळलं. ती अर्धी ओळ मला येतच नव्हती. येणार कशी? मी ती कधी वाजवलीच नव्हती. प्रत्येक गाण्यात जिथे जिथे पान उलटायचं तिथली अर्धी अर्धी ओळ मी सातवीपासून एकदाही वाजवलेली नाही. त्या वेळी मी उलटत होते. ती वाजवायची, आम्ही दोघी मिळून एक व्हायोलिन होतो, कुणाला काही कळायचं नाही.

आता कळलं. सरांनी हात थांबवले. "दुसऱ्या व्हायोलिनमध्ये भोक कुठून आलं?" म्हणाले. मेहुणे लगेच टॅब तपासायला धावले.

घरी येऊन सराव सुरू केला. दादा दाराशी येऊन उभा. "काय गं, हे काय वाजवतेस? मध्येच सुरू होतं, मध्येच संपतं. बाकीचं गाणं कुठाय?"

"बाकीचं मला येतं," मी म्हटलं. "मला फक्त भोकं येत नाहीत."

आई आतून म्हणाली, "म्हणजे इतके दिवस फी भरून तू पानं उलटायला जात होतीस?"

दादा म्हणाला, "आई, तिला पंख्याची भीती होती ना, म्हणून. वारा आला की हिचं काम वाढायचं."

घरात सगळे हसले. हसू देत. मी तरी काय सांगणार होते? की पान उलटणं हेच माझं वाजवणं होतं? असं कुणाला सांगतात का? तुम्हाला सांगते ती गोष्ट वेगळी.

आणि भोकं भरली की. त्यात काय आहे. पाठ केली सगळी. गंमत म्हणजे ती सगळ्यात सुंदर होती. पानाच्या शेवटी सूर असा उंच जातो, की पुढे काय होईल म्हणून जीव अडकावा, आणि मी आजवर त्या वेळी कोपरा चिमटीत पकडायच्या नादात. म्हणजे शेजारणीला हे सगळं माहीत होतं आणि मला नव्हतं. ती वाजवताना तिचा श्वास तिथेच का अडायचा, ते मला आत्ता कळलं.

आता मी तिला हे सांगणारच होते. खरंच सांगणार होते. वाक्य पण तयार केलं होतं, जिन्यात म्हणून बघितलं होतं. तर सर तालमीच्या मध्येच म्हणाले, "आता जोड्यांची भानगड राहिली नाही, ज्याची त्याची खुर्ची स्वतंत्र. पहिल्या व्हायोलिनमध्ये एक जागा रिकामी आहे." आणि थेट शेजारणीकडे बघितलं. "तू पुढे ये. तू अर्धी ओळ पुढे वाचतेस, माहितीये मला."

म्हणजे हे सरांनाही माहीत होतं. मला वाटायचं फक्त मलाच...

शेजारीण म्हणाली, "विचार करून सांगते, सर."

विचार करून. म्हणजे अजून ठरलं नव्हतं. म्हणजे कुणी काही बोललं असतं तर... कुणी म्हणजे कोण? सॅकच्या अलीकडे कोण बसलं होतं? मीच ना? तुम्ही म्हणाल, मग बोलायचं की. "जाऊ नकोस," एवढंच. सगळे राळ घासतायत, तारा जुळवतायत, हॉलमध्ये नुसती चिवचिव, आणि मी माझी राळ या हातातून त्या हातात करतेय. पूर्वीचं असतं तर कडेला पेन्सिलीने लिहिलं असतं. लिहिताना बोलावं लागत नाही, समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही, आणि नको असलं तर खोडता येतं. पण कागद कुठे होता?

मग बोटाने टॅबवर काढला. चष्मा. त्या उंच जाणाऱ्या अर्ध्या ओळीवर. लिहायचं धाडस नाही झालं, चष्मा काढला, आणि टॅब जरासा तिच्या बाजूला वळवून ठेवला. म्हटलं मान वळवली तर दिसेल. नाही वळवली तर माझं काय गेलं?

आता मेहुण्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलेलं, की या सॉफ्टवेअरमध्ये फार मोठी सोय आहे, एकाने टॅबवर काही लिहिलं की ते सगळ्यांच्या टॅबवर उमटतं, सर एकदा लिहितील ते सगळ्यांना, टाळी. हे सांगत होते तेव्हा मी ऐकत होते का? मी सॅककडे बघत होते. त्यामुळे मी काढला तो चष्मा हॉलमधल्या प्रत्येकाच्या समोर उमटला. बासरीच्या, ड्रमच्या, ट्रम्पेटवाल्या काकांच्या, सरांच्या. सोयीचं आहे म्हणे.

आणि वाजवणाऱ्या माणसाला चष्मा दिसला की काय होतं? तो घाबरतो. त्याला वाटतं इथे कुणीतरी कधीतरी तोंडावर आपटलंय, आता आपली पाळी. सगळे त्या ओळीला आले आणि एकदम दबकले. बासरीने श्वास रोखला. ड्रमवाल्याने काडी अशी टेकवली की झोपलेल्या बाळाला पांघरूण घालतोय. काकांनी ट्रम्पेट तोंडाला लावलं आणि वाजवलंच नाही. सगळा वाद्यवृंद पावलं न वाजवता अंधाऱ्या खोलीतून चालल्यासारखा, आणि त्याच्यावरून व्हायोलिनचा तो सूर वर गेला. पूर्ण. मीही वाजवत होते, भोक नव्हतं.

सरांनी हात थांबवले. "इथे सगळे घाबरल्यासारखे का वाजवताय?"

"चष्मा आहे ना, सर," काका म्हणाले.

"कसला चष्मा?"

"माझ्याकडे पण आहे," बासरी म्हणाली. "माझ्याकडे पण." "माझ्याकडे पण." सगळे टॅब वर करून दाखवायला लागले, आणि सगळीकडे तोच, एक काच मोठी. मेहुणे धावत आले, बघितलं, चेहरा गंभीर करून म्हणाले, "व्हायरस आहे." यावेळी टाळी नाही वाजवली.

माझे कान इतके तापले की खालच्या लाँड्रीवाल्याने त्यावर शर्ट फिरवले असते. मी बोटांकडे बघत बसले. आणि सॅकच्या पलीकडून हळूच आवाज आला.

"तुझा आहे ना?"

"हं," मी म्हटलं.

"एक काच मोठी."

"हं."

तिने टॅबवरच्या चष्म्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला जायचंय गं पुढे. कधीपासून वाटत होतं. पण आपलं पान कोण उलटणार, म्हणून कधी विचारलंच नाही सरांना." आणि मग, "आता काय, पायानेच उलटतं."

मी काय म्हणाले असेन? सांगा बरं. सातवीपासूनचं सगळं, ते जिन्यात म्हणून बघितलेलं वाक्य, त्या सुंदर ओळी, जाऊ नकोस, सगळं एकदम वर आलं आणि तोंडाशी येऊन त्याचं झालं, "हं."

म्हणजे बघा, ती इतके दिवस माझ्यामुळे थांबली होती. सॉफ्टवेअरने सुटली. मी कुणावर रागवायचं?

चष्मा सरांनी राहू दिला. म्हणाले, "व्हायरस असेना का, इथे तुम्ही पहिल्यांदा नीट ऐकून वाजवलंत." तर तो अजूनही आहे, सगळ्यांच्या टॅबवर, आणि मेहुण्यांना तो पुसायची हिंमत होत नाही, न जाणो अजून पसरला तर.

मग कार्यक्रम झाला. शेजारीण पुढे, पहिल्या व्हायोलिनमध्ये, नवीन काळा ड्रेस, केस बांधलेले. मी मागे, शेवटच्या रांगेत. बाजूची खुर्ची काढून टाकली, राळेचा एक तुकडा तिथे जमिनीवर पडला होता, माझाच असणार, तिच्याकडे कधी नसतोच. शेवटी ते संथ गाणं. मला सगळं पाठ, भोकं तर झोपेतही वाजवीन. आई प्रेक्षकांत पुढच्या रांगेत, दादा मोबाइल घेऊन तयार, आईने त्याला बजावलेलं, हिची ती अर्धी ओळ रेकॉर्ड कर, घरात आम्ही तीच तेवढी हजारदा ऐकलीये. ओळ आली. चष्मा आला. सगळे दबकले. मी बो उचलला, आता वाजवणार...

आणि पुढे, पहिल्या रांगेत, तिच्या व्हायोलिनचं टोक एवढंसं खाली गेलं.

तिला कळलंही नसेल हो. सवयच. पायाने बटण दाबलं असेल आणि मान आपोआप. तिच्या शेजारी दुसरं कुणी बसलेलं, त्याने काही बघितलंही नाही. पण मी बघितलं ना. मागून, एवढ्या माणसांच्या डोक्यांमधून बघितलं. आणि मग माझा बो मांडीवर, हात लांब, चिमूट, आणि टाक. जसं उलटायला हवं तसं. ना लवकर, ना उशिरा.

दादाने रेकॉर्ड केलंय. त्यात मी नाहीच, नुसता हात आहे.

नंतर सर सगळ्यांना शाबासकी देत देत मागे आले. "छान झालं, फार छान," म्हणाले. "फक्त दुसऱ्या व्हायोलिनमध्ये ते भोक परत आलं बघ. मेहुण्यांना सांगतो, सॉफ्टवेअरचंच काहीतरी असणार."

मी म्हटलं, "हं, सर."